मायदेशी परतलेला पाहुणा



ॲडोनिरम जडसन हे अमेरिकी मिशनरी १८१२ साली मायदेशातून निघाले आणि पुढे ब्रह्मदेशात स्थिरावले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की १८३४ साली संपूर्ण बायबलचे ब्रह्मी भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले. १८४५ मध्ये पत्नी सारा यांची प्रकृती ढासळली, तेव्हा कुठे त्यांनी घरची वाट धरली. थोरली तीन मुले बरोबर घेतली. धाकटी तिघे मागेच राहिली. वाटेत सेंट हेलेना बेटापाशी सारा निवर्तल्या. तेथेच त्यांना मूठमाती देऊन जहाज पुढे निघाले.

जडसन बोस्टनला उतरले ते ३३ वर्षांनी. सभांना गर्दी लोटली. पण त्यांचा आवाज बसलेला होता. ते हलक्या स्वरात बोलत आणि शेजारचे गृहस्थ तेच श्रोत्यांना मोठ्याने सांगत. शिवाय परभाषेवर प्रभुत्व यावे म्हणून त्यांनी इंग्रजी जाणूनबुजून दूर ठेवली होती. आता तिच्यात तीन वाक्ये जुळवणेही जड जाते, असे त्यांनी आधीच कळवले होते. पुढच्याच वर्षी, थोरल्या मुलांना अमेरिकेत ठेवून, ते ब्रह्मदेशी परतले.

परभाषा शिकण्यात उणेपणा नाही. जडसन यांचे थोरपण त्यातच आहे. परंतु जन्मभाषाही वापरावाचून गंजते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना त्या प्रांताची भाषा उत्तम यावीच. मात्र आजोळी गेल्यावर आजीशी बोलताना शेजारी दुभाष्या उभा करावा लागू नये, एवढ्यासाठी मराठी शाळा हवी असते.