आजारी मूल आणि त्याचे चित्र



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे दरवर्षी जमतो, ते या शाळेत चित्रकला शिकवीत. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवले. तेव्हा वाङ्मयावर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु एका चित्रकला-शिक्षकाच्या स्मृतीला वंदन करताना, शब्द जेथे अपुरे पडतात आणि रंग व रेषा पुढे येतात, अशा एखाद्या क्षेत्राविषयी बोलावे असे मनात आले. मनाच्या आजारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांसाठी चित्रे आणि माती यांच्या आधारे जे मानसोपचार केले जातात, तो आजचा विषय आहे. हे काम करणाऱ्यांना पाश्चात्य देशांत ‘आर्ट सायकोथेरपिस्ट’ म्हणतात. मी त्यांना ‘कलामानसोपचारक’ म्हणेन.

या विषयाशी माझा संबंध कसा आला, हे सांगणे योग्य होईल. माझी एक भाची इंग्लंडमध्ये मुलांच्या अशा एका विभागात अनेक वर्षे हे काम करीत आहे. कामाची रीत तिने मला पुष्कळ समजावून सांगितली. मात्र एकाही मुलाची हकीकत सांगितली नाही. मी आग्रह केला तेव्हा ती इतकेच म्हणाली, “मामा, त्या गोष्टी माझ्या नाहीत.” म्हणून आजच्या व्याख्यानात एकाही रुग्ण मुलाची कहाणी येणार नाही. या व्यवसायाचा पहिला धडा मला त्या नकारातच मिळाला.

प्रथम थोडा इतिहास पाहू. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार 1938 साली क्षयाने आजारी पडून ससेक्समधील एका आरोग्यधामात दाखल झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते चित्रे काढू लागले आणि पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यांनी 1942 साली रूढ केला. अटलांटिकच्या पलीकडे मार्गारेट नॉमबर्ग यांनी 1941 पासून न्यूयॉर्कच्या मनोरुग्ण संस्थेत दाखल झालेल्या मुलांसमवेत काम केले आणि 1947 साली त्यावर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. आज ज्याला आपण बालरुग्णांचे कलामानसोपचार म्हणतो, त्याच्या आरंभीच्या दस्तऐवजांपैकी तो एक होय.

तिसरे नाव ईडिथ क्रेमर यांचे. त्या व्हिएन्नाच्या, जन्म 1916 चा. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या बाउहाउस कलाशाळेच्या विद्यार्थिनी. नाझींनी फ्रीडलना डिसेंबर 1942 मध्ये टेरेझीनच्या बंदिवासात धाडले. तेथे त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली. कागद मिळेना, तर जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू वापरल्या. प्रत्येक मुलाने चित्रावर आपले नाव घालावे, असा त्यांचा आग्रह असे. जेथे माणसाचे नाव काढून घेऊन त्याला क्रमांक दिला जात होता, तेथे त्या आग्रहाचा अर्थ काय होता, हे मी निराळे सांगावयास नको. ऑक्टोबर 1944 मध्ये त्यांची आउश्वित्झला रवानगी झाली आणि तेथेच त्यांना मारण्यात आले. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे 4,500 चित्रे राहिली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक वाचली नाहीत.

क्रेमर 1938 साली न्यूयॉर्कला निघून गेल्या होत्या. 1950 ते 1957 या काळात त्यांनी विल्टविक येथील मुलग्यांच्या निवासी शाळेत काम केले आणि पुढे रुग्णालयाच्या बालमनोरुग्ण विभागातही केले. त्यांनी उपचारकाच्या ‘तिसऱ्या हाता’ची कल्पना मांडली. मूल मातीचा घोडा करते आहे आणि त्याचे पाय वजनाने वाकत आहेत, अशी कल्पना करा. उपचारकाने काय करावे? घोडा आपणच नीट करून दिला, तर तो मुलाचा राहत नाही. पडू दिला, तर आधीच हरलेल्या मुलाच्या पदरी आणखी एक पराभव येतो. तिसरा हात पोटाखाली मातीचा एक आधार ठेवतो आणि बाजूला होतो. मुलाच्या कल्पनेला धक्का न लावता मदत करणे, हे या हाताचे काम. मला वाटते, उत्तम शिक्षकाची व्याख्याही याहून फार वेगळी नसावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ ज्या मुलांवर येते, त्यांचा आजार साधा नसतो. कोणी स्वतःला इजा केलेली असते, कोणी अन्न सोडलेले असते, कोणाला इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतात, कोणी बोलणेच थांबवलेले असते. घर, शाळा, मित्र एकदम सुटलेले. दिवसभर कोणी ना कोणी प्रश्न विचारीत असते. झोप लागली का? जेवलास का? आज कसे वाटते? हे प्रश्न आवश्यकच असतात. तथापि उत्तरे देऊन मूल थकते.

अशा विभागात चित्रांची एक खोली असते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तीच व्यक्ती तेथे असते. साहित्य दरवेळी त्याच जागी मांडलेले असते. बाहेरून हे क्षुल्लक दिसते, परंतु ज्या मुलाचे जग विस्कटले आहे त्याच्यासाठी तो नियमितपणा हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. सत्रापूर्वी आणि सत्रानंतर कात्र्या मोजल्या जातात. पेन्सिलीला टोक करण्याच्या यंत्रातील पातेही मोजले जाते, कारण तेवढ्या पात्यानेही मूल स्वतःला इजा करू शकते. पाण्यासाठी काचेचे भांडे ठेवत नाहीत. रंगाचे औदार्य आणि पात्याची मोजदाद ही दोन्ही कामे एकाच माणसाला करावी लागतात.

मूल चित्र काढते, किंवा काढीत नाही. काही मुले आठवडेच्या आठवडे कोऱ्या कागदासमोर बसतात. काही चित्र पुरे करून त्यावर काळा रंग फासतात. काही कागद फाडतात. उपचारक फाटलेले तुकडे गोळा करून त्या मुलाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि फोल्डर कुलूपबंद कपाटात जातो. ही चित्रे भिंतीवर लावीत नाहीत, त्यांना गुण नसतात. ‘छान!’ असेही सहसा म्हणत नाहीत, कारण शाबासकी मिळाली की मूल पुढच्या वेळी शाबासकीसाठीच चित्र काढते.

मग चित्राचा उपयोग काय? समोरासमोर बसून डोळ्यांना डोळे भिडवून बोलणे दुखावलेल्या मुलाला जड जाते. चित्र मध्ये आले की दोघांनाही पाहावयास तिसरी जागा मिळते. ‘मला भीती वाटते’ असे म्हणणे कठीण. ‘या घराला दार नाही’ असे म्हणणे त्या मानाने सोपे. शिवाय बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र टिकते. सहा आठवड्यांनी फोल्डर उघडून मूल स्वतःच आपली पहिली चित्रे पाहू शकते. त्याच्यात काय बदलले, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

येथे साहित्याचा अध्यापक म्हणून मला एक प्रश्न पडतो. आम्ही वर्गात आयुष्यभर विचारीत आलो : ‘कवीला काय म्हणावयाचे आहे?’ अर्थ काढणे हा आमचा धर्म. या खोलीत मात्र अर्थ काढण्याची घाई मुलाला अपाय करू शकते. काळा रंग म्हणजे नैराश्य, तांबडा म्हणजे राग, झाडाला मुळे नाहीत म्हणजे असुरक्षितता, अशी कोष्टके बाजारात मिळतात. जाणते उपचारक त्यांवर विसंबत नाहीत. काळी खडू हाताशी होती म्हणूनही मूल काळे चित्र काढते. अर्थ असतोच, पण तो मुलाच्या तोंडून, त्याच्या सवडीने यावा लागतो. आपल्या काव्यशास्त्राने ‘सहृदय’ ही थोर कल्पना दिली. कलामानसोपचारक हाही एक सहृदयच. फरक इतकाच की काव्याचा सहृदय आस्वाद घेतो, तर याला अनेकदा मुलाचे दुःख केवळ सोसत बसावे लागते. म्हणून त्यालाही दुसऱ्या अनुभवी उपचारकाकडे नियमाने जाऊन आपले मन मोकळे करावे लागते. तो त्या व्यवसायाचा दंडकच आहे.

गोपनीयतेलाही मर्यादा आहे. मूल जिवावर उदार होण्याचे चिन्ह दिसले, किंवा कोणी त्याला छळत असल्याचे कळले, तर उपचारकाने ते डॉक्टर-परिचारिकांच्या बैठकीत सांगितलेच पाहिजे, आणि हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले पाहिजे. विश्वास ठेवण्याचे वचन आणि जीव वाचवण्याचे कर्तव्य यांतील ही ओढाताण या कामातील सर्वांत कठीण भाग आहे. निरोपही असाच कठीण. कधी घरी जाण्याची तारीख एकाएकी ठरते आणि मुलाच्या हातात फोल्डर द्यावयालाही वेळ उरत नाही.

या उपचारांची स्तुती करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. 2012 साली ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 417 प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गटातील कलोपचारांनी रुग्णांच्या स्थितीत विशेष फरक पडल्याचे त्यांत दिसले नाही. अनेक रुग्ण सत्रांना फारसे आलेही नव्हते. तो निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लागू करता येत नाही, पण तो विसरूनही चालणार नाही. औषध, समुपदेशन, कुटुंबाशी बोलणे यांच्या जोडीने चित्राला स्थान आहे. त्यांना हटवून नाही.

ब्रिटनमध्ये या व्यवसायाला 1997 साली कायद्याने नोंदणी मिळाली. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याच्या परिशिष्टात कलोपचारकाचा उल्लेख झाला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा. त्यानुसार अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे, त्याच्या वयाला साजेसे वातावरण दिले पाहिजे आणि पालक किंवा सोबती सतत त्याच्याजवळ असला पाहिजे. ‘वयाला साजेसे वातावरण’ या शब्दांत रंगपेटीलाही जागा आहे, असे मी मानतो.

आपल्या बडोद्याच्या मुलांचा विचार केला, तर आणखी एक गोष्ट जाणवते. आमचे मूल घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी. ते मनाने आजारी पडले तर कोणत्या भाषेत सांगेल? आजीच्या भाषेत सांगावे तर डॉक्टरला कळत नाही. डॉक्टरच्या भाषेत सांगावे तर दुःखाला शब्द नाहीत. भाषेचा अध्यापक म्हणून सांगतो, अशा वेळी एक कागद आणि ते चित्र पाहण्यास थांबणारा एक माणूस यांचे मोल फार मोठे असते.

शाळेने रुग्णालय होऊ नये आणि शिक्षकाने उपचारक होऊ नये. परंतु तीन गोष्टी शाळेला सहज करता येतील. परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताला देऊ नये. मुलाने चित्र दाखवले तर ‘हे काय काढलेस?’ असे न म्हणता ‘याच्याविषयी काही सांगतोस का?’ असे विचारावे, आणि ते गप्प राहिले तर ते गप्प राहणे मान्य करावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्रांत किंवा वह्यांच्या मागच्या पानांवर मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विषय पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर निदान करीत बसू नये आणि दुर्लक्षही करू नये. मुलाशी शांतपणे बोलून, पालकांना विश्वासात घेऊन त्याला तज्ज्ञाकडे न्यावे. घरातच कोणी त्याला छळत असल्याची शंका असेल, तर आधी तज्ज्ञाचाच सल्ला घ्यावा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालू आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फलकावर असावा, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.