वयाची अट कशासाठी?



२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. आपल्या जिल्ह्यात कुणी धान विकून, कुणी बिडीच्या मजुरीतून पैसे बाजूला टाकून पोरांच्या अभ्यासासाठी मोबाईल घेतला. त्यावर अनेक संकेतस्थळे नाव नोंदविण्यापूर्वी जन्मतारीख विचारतात. तेरा वर्षे पूर्ण नसतील तर प्रवेश नाकारतात. ही अट कशासाठी, हे पालकांनी समजून घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

वयाची अट आपल्याला नवी नाही. विनयपिटकातील महावग्गात राजगृहाच्या सतरा मुलांची हकीकत आहे. लेखनाने बोटे दुखतील, हिशेबाने छाती दुखेल, म्हणून उपालीच्या आईवडिलांनी मुलाला संघात पाठविण्याचे ठरविले. त्याचे सोबतीही गेले. पहाटे ही मुले पेजेसाठी रडू लागली. तेव्हा वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, असा नियम तथागतांनी केला. कारण भूक, थंडी, ऊन व कठोर शब्द सोसण्याची शक्ती त्या वयात नसते. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून आईवडिलांच्या संमतीचाही नियम झाला. म्हणजे वय आणि संमती या दोन्ही गोष्टींचा विचार तेव्हाच झाला होता.

आजच्या तेरा वर्षांचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात आहे. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी लागते. ती खटपट टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी लहान मुलांना प्रवेशच बंद केला. मुलाचे नाव, छायाचित्र, आवडीनिवडी हा त्यांच्या व्यापारातील माल आहे आणि आपण काय देऊन बसलो, हे मुलाला कळत नाही. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्यात पालकांची संमती आवश्यक केली असून, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने ठरविलेल्या मर्यादेत स्वतः बचत खाते चालविता येते. पण आधी जन्मतारखेचा पुरावा पाहिला जातो. संकेतस्थळावर मात्र बहुधा मूल लिहील ते साल खरे धरतात. कित्येक घरी तर मोठी माणसेच खोटे साल लिहून देतात. तेथेच कुंपण मोडते, कारण पुढे ते संकेतस्थळ त्या मुलाला मोठा माणूस समजूनच वागविते.

यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्यामागील तळमळ आम्हास मान्य आहे. परंतु ज्या घरात वाचनालय नाही, शिकवणी नाही, तेथे मोबाईल हेच पुस्तक आणि शिष्यवृत्तीचा अर्जही त्यावरच. सरसकट बंदीची झळ आपल्याच लेकरांना अधिक बसेल. बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखविला. तो बंद करून चालणार नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. जन्मतारीख खरी लिहा. लहान मुलाजवळ बसून मोबाईल वापरू द्या. आईला वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला हाक मारा; विहारात आठवड्यातून एक तास यासाठी ठेवा. कायदा पालकांची संमती मागतो. ती समजून देणे आपल्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!