तोंडातला जंतुसंसर्ग आणि एच.आय.व्ही. : काही गैरसमज

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



धम्मावर बोलायला आमच्यापेक्षा अधिकारी माणसे इथे बसली आहेत. आम्ही दातांचे डॉक्टर, आम्ही तोंडाबद्दलच बोलणार. पण हा विषय धम्माबाहेरचा आहे असे समजू नका. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरायची अनुज्ञा दिली आहे. काडी आठ अंगुळांहून लांब नको, चार अंगुळांहून आखूड नको, इतका बारीक विचार! तिचे पाच लाभ सांगितले आहेत, त्यात तोंडाला दुर्गंधी येत नाही हा एक.

त्या दुर्गंधीपासूनच सुरुवात करू. मागे आमच्याकडे एक भाऊ आले. दोन दातांमधल्या हिरडीचे टोक कुजून गेलेले, वर करडा थर, हात न लावता रक्त येई. भाकरी तुटेना म्हणून ताक-भातावर दिवस काढत होते. आधी ते दुसऱ्या एका दवाखान्यात गेले होते. तिथे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, मला एच.आय.व्ही. आहे. तर "मशीन बिघडलंय, नंतर या." तीनदा गेले, तीनदा मशीन बिघडलेले!

गंमत अशी, की त्याच सुमारास हाच आजार घेऊन कॉलेजचा एक मुलगा आला. परीक्षेची जागरणे, जेवणाची आबाळ, वर तंबाखू. त्याची रक्ततपासणी केली, एच.आय.व्ही. नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना हेच व्हायचे, म्हणून इंग्रजीत याला 'ट्रेंच माउथ' म्हणतात. हे जंतू बाहेरून येत नाहीत. थोड्या प्रमाणात ते आपल्या तोंडात असतातच. अंगातली ताकद खचली, दातांवर कीटण साचले, की ते उचल खातात. फरक पडतो तो वेगात. एच.आय.व्ही.मुळे सीडी-फोर पेशी फार कमी झाल्या असतील, तर जंतू हिरडीवर थांबत नाहीत. खालचे हाड उघडे पडते, थोड्याच दिवसांत दात हलू लागतात. औषधे नियमित चालू असतील आणि पेशी सावरल्या असतील, तर त्या माणसाच्या हिरड्या तुमच्या-आमच्यासारख्याच.

उपचार दोघांनाही एकच केला. मेलेला भाग हलक्या हाताने काढला, कीटण साफ केले, क्लोरहेक्सिडिनच्या चुळा आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या. (या गोळ्यांबरोबर दारू बिलकूल चालत नाही, हे पुरुष मंडळींनी ऐकून ठेवावे.) साफ न करता नुसत्या गोळ्या खाल्ल्या तर दुखणे पुन्हा येते. त्या भाऊंची औषधे मध्येच सुटली होती, म्हणून त्यांना एआरटी केंद्रात पाठवले. २००४ पासून सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात.

एक मात्र लक्षात ठेवा. जिभेवर, टाळ्यावर दह्यासारखे पांढरे डाग येतात ती बुरशी, जंतू नव्हेत. तिथे मेडिकलवाल्याकडून जंतूंच्या गोळ्या आणून खाल्ल्या तर बुरशी वाढूही शकते. आणि हिरडीतून रक्त आले म्हणजे एच.आय.व्ही. झाला, असे मुळीच नाही. आपल्या आयाबायांच्या हिरड्या बहुतेक मशेरीने आणि साचलेल्या कीटणाने बिघडतात. मधुमेहानेही बिघडतात.

आता त्या बिघडलेल्या मशीनबद्दल. एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्याल्याने एच.आय.व्ही. होत नाही. दवाखान्यातली हत्यारे प्रत्येक पेशंटनंतर दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचीच असतात, पेशंट कोणीही असो. ज्याला या पेशंटची भीती वाटते तो बाकीच्यांची हत्यारे कशी धूत असेल, हा प्रश्न आम्हाला पडतो. एच.आय.व्ही. आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. महावग्गात अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांसोबत स्वतः धुतले-पुसले, ती कथा इथे लहान मुलांनाही पाठ आहे. आम्ही डॉक्टर मंडळीच ती विसरतो.

सभा संपल्यावर बाजूच्या खोलीत तपासणी आहे. मशेरी लावून आलेल्यांनी आधी चूळ भरून यावे. कोणाला काय आजार आहे हे बाहेर विचारले जाणार नाही, आणि रांग सगळ्यांची एकच राहील.

जयभीम. नमो बुद्धाय.