घोरता घोरता श्वास अडतो

मंडळी, आपल्या तुंगार्लीत कुणी घोरला की लोक हसतात. आम्ही म्हणतो, जरा कान देऊन ऐका. आवाज मधेच बंद पडतो का? मग माणूस गुदमरून दचकतो का? तर झोपेत त्याचा घसा मिटतो, श्वास अडतो. असा माणूस दिवसा पेंगतो. तो घाटात ट्रक चालवत असला तर? संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ साली मुंबईत वारले, ते याच आजाराने.

उपाय आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारे यंत्र काढले. त्याने घसा उघडा राहतो. नुसते घोरणे असेल तर टाळूत सुई घालून बारीक चटका देतात. मऊ मांस घट्ट होते, चिरफाड नाही. पण श्वास अडत असेल तर एवढ्यावर भागत नाही. म्हणून आधी झोपेची तपासणी करून घ्या. तोवर कुशीवर झोपा, आणि रात्री दारू नको.