भूकंपाचा आकडा आणि भूकंपाचा धक्का



धरणीकंपाची वार्ता आली, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती रिश्टरचा?’ त्या आकड्यालाच आपण तीव्रता म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने ही चूक आहे, आणि ती केवळ शब्दाची नाही.

भूकवचातील खडकांत वर्षानुवर्षे ताण साचत जातो. तो असह्य झाला, की खडक भेगेवर एकाएकी सरकतो व साचलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने पसरते. प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावतात. दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने मागून येतात. भूकंपमापकाच्या आलेखावर दोहोंच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर दिसेल, त्याला ८ ने गुणावे. उगमापर्यंतचे किलोमीटर ढोबळमानाने मिळतात. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे क्षण मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित नवे नाही. दिशा मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी किमान तीन केंद्रांभोवती अशा अंतरांची वर्तुळे काढून त्यांचा छेद पाहावा लागतो.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी जी श्रेणी बसविली, ती मोजते महत्ता, म्हणजे उगमाशी भूकंप केवढा होता ते. आकडा एकाने वाढला, की आलेखावरील कंप दसपट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट होते. फार मोठ्या भूकंपांना ही श्रेणी अपुरी पडते. म्हणून आज खडक किती क्षेत्रावर, किती सरकला यावरून महत्ता काढतात. ती साऱ्या भूकंपाची एकच. तीव्रता मात्र गावोगावी निराळी. ती घरांची पडझड व माणसांचा अनुभव पाहून बारा पायऱ्यांच्या मेर्काली श्रेणीवर ठरते.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप महत्तेने किल्लारीच्या भूकंपाहून लहान नव्हता. तरीही कोयनेत मृत्यू दोनशेच्या आत राहिले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारी परिसरात सात हजारांहून अधिक माणसे गेली. तेथील वस्ती दाट होती. उन्हापासून निवारा देणारे मातीचे जड माळवद डोक्यावर होते. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. हादऱ्यासरशी ते सुटे झाले आणि माळवद खाली आले. पुढे त्या भागात घरे बांधताना व सावरताना भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसविण्यात आले आणि दारांच्या माथ्यावरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरविण्यात आला.