शाल-श्रीफळ आणि खराटा

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मुलांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही जुने सभासद, दहा मिनिटं बोला." बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला दहा मिनिटांत आवरायला सांगणं कठीणच, तरी प्रयत्न करतो.

रौप्यमहोत्सवानिमित्त समितीनं ठरवलं आहे की, जुन्या शहरात विनामोबदला लोकोपयोगी काम करणाऱ्यांना दरवर्षी सोसायटीतर्फे पुरस्कार द्यायचा. कल्पना चांगलीच आहे. मला फक्त दोन प्रश्नांवर बोलायचं आहे : कोणाला द्यायचा आणि केव्हा द्यायचा? कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती शेवटी सांगतो.

आपल्या मोर्णेपासूनच सुरुवात करू. १३ जानेवारी २०१८ चा शनिवार तुम्हाला आठवत असेल. तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकारानं नदी स्वच्छतेची मोहीम सुरू झाली. शाळा-कॉलेजची पोरं, संस्था, म्हातारे-कोतारे, सगळे काठावर. त्याच महिन्यात २८ तारखेला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये अकोल्याचं नाव घेतलं. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरावर संस्था सहभागी झाल्याचं सांगितलं. यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता असतो? छाती फुगली आपली. पण त्यानंतर पुलावरून जाताना जलकुंभीचा हिरवा गालिचा पुन्हा दिसायला लागला, हेही आपण सर्वांनी पाहिलं. मी कोणाला दोष देत नाही. जलकुंभी अशी चीज आहे की मूळ उरलं तर परत पसरते, आणि सांडपाणी येत राहिलं तर जोमानं पसरते. ती एकदा काढून भागत नाही, काढतच राहावी लागते. आणि काढत राहणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही.

दुसरी गोष्ट संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाची. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, २०००-०१ मध्ये, हे अभियान सुरू झालं. गावांची स्पर्धा लागली, तपासणी समित्या आल्या, गल्लीबोळ लख्ख झाले. मी तेव्हा एका तालुक्याच्या शाखेत होतो. बक्षीस मिळालेल्या एका गावाचं खातं आमच्याकडे उघडलं. दोन वर्षं त्या खात्यातून एक रुपया निघाला नाही. चौकशी केली तर एक सदस्य म्हणाला, "साहेब, बक्षीस भेटलं, पन गावात भांडन लागलं नं!" पैसा कशावर खर्चायचा, यावर एकमत नव्हतं. मी काय केलं? मुदत ठेव करून दिली. तेवढंच माझ्या हातात होतं. रक्कम वाढत राहिली आणि गावातला खराटा कोपऱ्यात उभा राहिला.

मग बक्षिसं वाईट का? नाही, बापा. पाणी फाउंडेशनचा वॉटर कप घ्या. २०१६ साली पहिल्यांदा तीन तालुके निवडले, त्यात आपल्या शेजारचं वरूड होतं. पंचेचाळीस दिवस श्रमदान, आणि पहिलं बक्षीस ५० लाखांचं. पुढच्या वर्षी ते वर्धा जिल्ह्यातल्या काकडदरा या लहानशा गावानं पटकावलं. पण खरी गंमत पुढे आहे. ज्या गावांना काहीच मिळालं नाही, त्यांनी खणलेल्या चरांतही पाऊस मुरलाच. हरणाराही काहीतरी घेऊन घरी गेला. स्पर्धा असावी तर अशी. आणि चालवणाऱ्यांनाही कळलं असणार की पंचेचाळीस दिवसांत सगळं होत नाही. कारण पुढे २०२० मध्ये त्यांनी जी समृद्ध गाव स्पर्धा काढली, तिची मुदत दीड वर्षाची ठेवली.

बँकेत आम्ही कर्ज मंजूर करायचो, त्या दिवशी पेढे यायचे. पण माणूस कसा आहे हे पेढ्यांवरून कळत नाही, छत्तिसाव्या हप्त्याला कळतं.

आता माझी चूक. आपल्या सोसायटीत गच्चीचं पाणी पाइपानं खाली आणून, वाळू-गिट्टीच्या गाळणखड्ड्यातून बोअरमध्ये सोडायची सोय आपण केली. तेव्हा मी खजिनदार होतो. उद्घाटन झालं, पेपरात फोटो आला, मला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळालं. ते अजून माझ्या शोकेसमध्ये आहे. त्यानंतर दोन पावसाळे तो खड्डा कोणी उघडला नाही. मीही नाही. पालापाचोळा, गाळ साचला, पाणी नालीत वाहून गेलं, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर कोरडी पडली. महानहून येणारं नळाचं पाणी काही रोज येत नाही. ते दिवस तुम्ही विसरला नसाल. त्या मे महिन्यात मागच्या इमारतीतल्या एका ताईंनी आपल्या मुलाला सोबत घेऊन खड्डा उपसला, गिट्टी धुऊन परत भरली. तेव्हापासून दर मे महिन्यात त्या हे करतात. आजवर एकाही सर्वसाधारण सभेत त्यांचं नाव घेतलं गेलं नाही. आज सकाळी त्यांना विचारलं, "नाव सांगू का?" त्या म्हणाल्या, "नको काका, दोन घमेली तेवढी नवीन घेऊन द्या."

कोणी म्हणेल, गाडगेबाबांनी कुठं पुरस्कार मागितला होता? खरं आहे, नव्हता मागितला. पण पुरस्कार त्या माणसाच्या समाधानासाठी नसतोच. बघणाऱ्या दहा जणांतल्या एकानं तरी उद्या खराटा हातात घ्यावा, यासाठी तो असतो.

म्हणून समितीला माझ्या तीन सूचना. एक, काम किमान तीन वर्षं चाललेलं असावं, आणि नाव शेजाऱ्यांनी सुचवावं. अर्ज मागवू नका. दोन, स्मृतिचिन्हाऐवजी त्या कामाला लागेल ती वस्तू द्या : घमेलं, पाइप, पुस्तकं, औषधं. तीन, अर्धी रक्कम आज आणि अर्धी पुढच्या वर्षी, काम डोळ्यांनी पाहून. पाहायला समितीतल्यांनी स्वतः जावं, आणि गेल्यावर तासभर हातही लावावा.

या पुरस्कारासाठी माझ्याकडून २५,००० रुपये मुदत ठेवीत टाकतो आहे. फक्त व्याज वापरा. घमेल्यांचा खर्च त्यात धरू नका, ती मी उद्याच आणतो. आणि येत्या मे महिन्यात खड्डा उपसायला मीही येईन. गुडघे दुखतात, पण गिट्टी बसूनही धुता येते.

बोललो त्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.