पोरगं शुद्धीवर आलं, पुढचं काम आपलं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीत आपण भावाचं बोलतो, कर्जाचं बोलतो, पावसाचं बोलतो. कापसाचा चुकारा हाती पडतो त्या रात्री पोरगं घरी कसं येतं, हे मात्र शेजाऱ्यालाही कळू देत नाही. आज तेच बोलू. त्यासाठी एका लेखकाची हकिगत सांगतो.

अनिल अवचट १९४४ साली पुणे जिल्ह्यातल्या ओतूरला जन्मले. डॉक्टरकी शिकले, पण दवाखान्यात रमले नाहीत. हमाल, विडी कामगार, विणकर यांच्यात जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि दिसेल तसं साध्या भाषेत लिहायचं, हे त्यांचं काम. १९८० नंतरच्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या तरुण पोरांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शिरली. अवचट त्या पोरांकडे गेले. उपदेश केला नाही, विचारपूस केली. त्यातून 'गर्द' हे पुस्तक झालं.

ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. १९८६ साली तिथल्याच आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. लिहून हात झटकायचे नाहीत, हे या नवरा-बायकोनं ठरवलं होतं. सुनंदाताईंना कर्करोग झाला, तरी त्या काम करीत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. अवचट जानेवारी २०२२ मध्ये गेले. काम थांबलं नाही. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते पुढे नेलं.

आता तिथलं शिकण्यासारखं काय? तिथे व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. आधी तो रुग्ण, आणि वर मित्र. मारझोड नाही, अपमान नाही. व्यसनातून सुटलेली माणसंच नव्याला सांभाळतात, कारण त्याची तगमग त्यांनी स्वतः भोगलेली असते. बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण घरात एक पितो आणि आजारी सगळं घर पडतं. मुक्काम संपला तरी पाठपुरावा चालूच राहतो.

आपण काय करतो? पोराला खांबाला बांधतो, देवापुढे शपथ घालतो, लग्न करून देतो आणि दुसऱ्याच्या लेकीचाही संसार धुळीला मिळवतो. आपल्याला हराळी ठाऊक आहे. वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, आणि पहिल्या पावसात पुन्हा वर येते. म्हणून आपण तिच्यावर रागावून रान पडीक टाकतो का? पुन्हा खणतो. व्यसनाचंही तसंच आहे. पोरगं पुन्हा घसरलं तर सगळं फुकट गेलं असं नव्हे, पुन्हा उपचाराला न्यायचं.

तीन गोष्टी गाठीला बांधा. एक, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. दोन, चहातून गुपचूप औषध देऊ नका. अशी काही औषधं पोटात असताना वर दारू पडली की जिवावर बेततं. तीन, कुठे न्यावं कळत नसेल तर १४४४६ या सरकारी क्रमांकावर विचारा, पैसे पडत नाहीत.

आणि पोरगं उपचार घेऊन परत आलं की पुढचं काम गावाचं. त्याला पारावर कुणी 'बेवडा' म्हणून हाक मारू नये. पोळ्याला, लग्नात कुणी 'एक घोट घे' म्हणू नये. घरच्यांनी वखरणीला, वेचणीला त्याला बरोबर घ्यावं. हिशेबाची वही हळूहळू त्याच्या हाती द्यावी.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांनी बैठक संपल्यावर मागे थांबावं. आम्ही थांबणार आहोत. आमच्याही घरी ते होतं.